वस्तीची ओळ

मी पदवीधर झालो तो आमच्या आष्ट्याच्या जाधव गुरुजींमुळे. त्यांच्याच चिठ्ठीवर मला वडूजच्या एका संस्थेत टंकलेखनाचं काम मिळालं. संस्थेच्या नळयोजनेत मुंबईच्या गुंतवणूकदारांनी पैसे घातले होते. बायकांचा पाणी आणण्याचा वेळ किती वाचला, हे त्यांना छापील तक्त्यात भरून हवं असे.

तो वेळ मोजणारे आमचे सर्वेक्षक पन्नाशीचे एक गृहस्थ होते. ते कुणाला विचारत नसत. भरलेला हंडा खांद्यावर घेऊन बायकांच्या मागून चालत.

"आवं दादा, पदर बी घ्या की डोईवर!" बायका हसत.

"रिकाम्या हातानं चाललं की वाट खोटं बोलती, बाई."

एकदा त्यांनी एका गावासाठी दोन ओळी भरल्या. गावात वेळ निम्म्यावर आला होता. बौद्ध वस्तीत तो होता तेवढाच होता, कारण नव्या नळाला तिथल्या बायकांचा हंडा कुणी लावू देत नव्हतं. वेळ जिथं वाचला नाही तिथं वेगळा नळ द्यायचा, असं गुंतवणूकदारांशी ठरलं होतं; ही ओळ मुंबईला गेली असती, तर वस्तीला स्वतःचा नळ मिळाला असता.

संस्थेचे साहेब मला म्हणाले, "तक्त्यात गावाला एकच ओळ आहे. सरासरी काढ."

मी काढली. आकडा चांगला आला.

सर्वेक्षकांनी कागद वाचला आणि सही न करता परत ठेवला. "तुमी शिकल्याली माणसं. मला नुसतं चालाय येतंय."

त्यांच्या सहीवाचूनच तो कागद गेला. त्या आठवड्यात मी गुरुजींना लिहिलं:

"ती. गुरुजींस सा. न. माझी नोकरी कायम झाली. योजना यशस्वी ठरली, तसं मीच टंकलं आहे. वस्तीतल्या बायका अजून जुन्या विहिरीवरच जातात. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितो."