आतल्या बाजूचा प्रायमर

४ सप्टेंबर. सकाळी दोन सरी, मग कडक ऊन.

समुद्राजवळ गॅरेज असलं की गंजाबरोबर किस्सेही चढत जातात. गंज आम्ही घासून काढतो, किस्से राहतात! त्यातले बरेचसे करड्या झिंक प्रायमरचे. दोन पत्रे जोडताना ज्या बाजू एकमेकांवर बसून झाकल्या जातात, त्यांना तो आधी मारायचा आणि त्यावरूनच वेल्डिंग करायचं. नाहीतर खारी हवा सांध्यात शिरते आणि पत्रा आतूनच खाते.

*

आमचा वेल्डर बबन आधी ऐकायचा नाही. "जे कोणाला दिसणार नाही, ते रंगवायचं कशाला?"

मी म्हटलं, "बनियन घालतोस ना?"

दुसऱ्या दिवशी त्याने रागाने प्रायमर इतका जाड थापला, की वेल्डिंगला ठिणग्यांची नुसती आतषबाजी! शर्टाला भोकं पडली.

"घ्या," बबन म्हणाला, "आता बनियन सगळ्यांना दिसतो!"

*

राजापूरचे एक गुरुजी लाल गाडीचं काम बघायला आले. नव्या पत्र्याच्या कडेला करडा रंग बघून खूश झाले.

"गुरुजी, हा आत झाकला जाणार."

"मग बाहेरही हाच मारा. आतबाहेर एकच असावं!"

*

हसनचाचांचा मासळीचा टेम्पो. बर्फाचं खारं पाणी गळून फ्लोअर कुजलेला. आधी दुसऱ्या गॅरेजमध्ये टाकलेला पत्रा सांध्यातून वर्षभरात गंजून गेला होता. टेम्पो बंद म्हणजे चाचांचा धंदा बंद. ते स्टूल घेऊन समोरच बसले.

"ह्या वेळी सांधा गंजला, तर अख्ख्या जेटीला सांगेन!"

बबनने प्रायमर मारला. चाचांनी बोट लावलं. "ओला आहे रे."

"चाचा, हात नको ना!" बबनने पुन्हा मारला.

थोड्या वेळाने चाचा परत वाकले. "सुकला काय बघतो."

"मासा आहे काय तो, दाबून बघायला?"

"मेल्या, दाबल्याशिवाय मी पापलेटही घेत नाही!"

बबनने तिसऱ्यांदा मारला. त्याचा चेहरा बघून मी त्याला चहाला पाठवलं. चाचा स्टुलावरच होते. बबन आला, पत्रा बसवला, वेल्ड केला.

दोन पावसाळे गेले. परवा डंपरने टेम्पोला मागून ठोकलं, म्हणून आज फ्लोअर कापावा लागला. चाचा दारातूनच ओरडले, "आधी सांधा दाखव!"

बबनने छिन्नीने सांधा उघडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत करडा, स्वच्छ. गंज एकाच ठिकाणी, लांबट गोल.

बबनने चाचांचा हात धरला आणि अंगठा त्यावर ठेवला.

बरोबर बसला.