हिंगणपेठेची तिरंगी जेली

नाथाजी लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्या लोखंडी ट्रंकेत एक घोंगडी, दोन खाकी चड्ड्या आणि एक पितळी गाळणी होती. बाकी सगळ्या बढाया होत्या. मिसरच्या वाळवंटात त्याने बंदुकीला हात लावला नव्हता. ऑफिसरांच्या मेसमध्ये तो भांडी घाशीत होता. पण हिंगणपेठेच्या चावडीपुढे मोटारीतून उतरताना त्याने स्वतःला बढती देऊन टाकली आणि गावात तो 'मेसचा कुक' म्हणूनच शिरला.

बढायांमध्ये एक गोष्ट मात्र खरी होती. मेसच्या गोवेकर खानसाम्याने त्याला पेरूची जेली शिकवली होती. नाथाजीच्या विहिरीवर पेरूची झाडं होती आणि पेरू पिकून चिखलात पडत, डुकरं खात. नाथाजीने ते गोळा केले, चिरून उकडले, फडक्यातून रात्रभर निथळत ठेवले आणि ते पाणी रेशनच्या साखरेत आटवलं. वाटीत ओतलेला तो पाक सकाळी घट्ट झाला. वाटी उपडी केली तर गोळा ताटात पडला आणि थरथरत उभा राहिला. उजेडाला धरला तर आरपार लालसर दिसे.

"हे खायाचं का नुस्तं हालवायचं?" राहीबाईने विचारलं. ही नाथाजीची बायको. नवरा लढाईवर असताना तिने शेत, म्हैस आणि सासू अशा तिन्ही आघाड्या सांभाळल्या होत्या, त्यामुळे मिसरच्या गोष्टींचं तिला फारसं कौतुक नव्हतं. पण महिन्याची साखर एका वाटीत गेलेली पाहून तिनेही चाखली आणि मग वाटी बोटाने पुसून चाटून टाकली. नाथाजीला तेवढी पावती पुरली. बाजाराच्या दिवशी जो भेटेल त्याला तो जेली दाखवू लागला.

ही वार्ता आप्पासोंच्या कानावर गेली.

आप्पासोंची ओळख करून देणं जरा अवघड आहे, कारण ते कोणत्या सालचे आप्पासो यावर ती अवलंबून आहे. लढाईच्या काळात ते 'रावसाहेब' होते. गावोगावची पोरं गोळा करून भरतीला पाठवल्याबद्दल सरकारने त्यांना ती पदवी दिली होती. नाथाजीला फौजेत त्यांनीच धाडलं होतं. पुढे वारं फिरलं तशी त्यांनी पदवीची पाटी दारावरून काढली, तिच्या जागी गणपती लावला आणि जरीचा पटका टाकून पांढरी टोपी चढवली. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात स्वातंत्र्य येणार हे नक्की झालं, तेव्हा त्याच्या स्वागताच्या कमिटीचे अध्यक्ष कोण हा प्रश्न हिंगणपेठेत निघालाच नाही. गावात कोणीही आलं की स्वागत आप्पासोच करत.

त्यांनी नाथाजीला बोलावून घेतलं.

"नाथाजी, पंधरा ऑगस्टला भाऊसो झेंडा लावायला येत्यात," आप्पासो म्हणाले. भाऊसो म्हणजे जिल्ह्याचे पुढारी. तुरुंगात जाऊन आलेले, आवाज मोठा, आणि पुढे मंत्री होण्याची चिन्हं. "सगळी गावं साखर वाटनार. आपुन काय तरी न्यारं वाटाय पायजे. तुजी ती हालती वडी झेंड्याच्या रंगाची व्हईल का?"

नाथाजीने आयुष्यात एकदाही जेलीत रंग घातला नव्हता. "व्हईल की!" तो म्हणाला. "मिसरात बड्या सायबाच्या वाडदिवसाला सात रंगांची केल्ती."

घरी येऊन त्याने डोक्याला हात लावला. मग राहीबाईला फार न सांगता तो कामाला लागला. पेरूच्या लालसर पाकात सांगलीच्या हळदीची चिमूट टाकली तर झकास केशरी उतरला. पांढऱ्यासाठी त्याने कोहळ्याचा कीस साखरेत शिजवला. हिरव्यासाठी पालक वाटून रस काढला आणि पेरूच्याच पाकाचं पातेलं चुलीवरून उतरवल्यावर त्यात शेवटी घातला. खाली हिरवा, मध्ये पांढरा, वर केशरी असे थर एका काचेच्या बरणीत ओतले आणि थंड होताच बरणी घेऊन तो तडक आप्पासोंकडे गेला.

कमिटी खुळी झाली. बरणी हातोहात फिरली. एका सभासदाने तिला नमस्कार केला. चक्र कागदाचं कापून बाहेरून चिकटवायचं ठरलं. झेंड्याच्या कट्ट्यावर बरण्यांची रांग लावायची, भाषणानंतर त्या उघडायच्या आणि चमच्याचमच्याने साऱ्या गावाला स्वातंत्र्य वाटायचं, असा ठराव झाला. ती बरणी मग कमिटीने जागेवरच संपवली. उद्यापर्यंत ती कशी दिसते हे पाहायला बोटभरसुद्धा जेली उरली नाही.

एवढी साखर आणायची कुठून? साखर रेशनवर होती. आप्पासोंनी मामलेदार कचेरीत जाऊन 'राष्ट्रीय कार्यासाठी' खास परमिट काढलं आणि साखरेची पोती बैलगाडीतून आली. पण गाडी नाथाजीच्या दारी येण्याआधी आप्पासोंच्या दारी थांबली. दिवाळीनंतर त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. लग्न हेही, म्हटलं तर, राष्ट्रीय कार्यच. नाथाजीच्या दारी गाडी पोचली तेव्हा तिच्यात साखरेचं एक अर्धवट पोतं आणि बाकी गुळाच्या ढेपा होत्या.

"आप्पासो, आवं, साखर कमी दिसतीया," नाथाजी चाचरत म्हणाला.

"अरं गड्या, साखर सायबाची आन् गूळ आपला," आप्पासोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोतंत्र झाल्यावं पयल्याच दिशी सायबाची साखर खायाची व्हय? का तुला गुळावं जमत न्हाई? तसं आसंल तर सांग, कराडचा हलवाई बोलीवतो."

ही शेवटची गोष्ट त्यांनी सांगायला नको होती. नाथाजीला सगळं सोसलं असतं, कराडचा हलवाई सोसत नव्हता.

"आवं, जमत न्हाई कसं? मिसरात गूळच गूळ हुता!"

"मिसरात गुऱ्हाळ हाय व्हय?" गाडी गेल्यावर राहीबाईने विचारलं. "त्यास्नी सांगा, हे व्हयाचं न्हाई म्हनून. तोंड दुखतंय का?"

"सांगीन," नाथाजी म्हणाला, आणि पेरू चिरायला बसला.

काम एका दिवसात उरकणारं नव्हतं, म्हणून झेंड्याच्या आधी चार दिवस चूल पेटली. जी साखर होती ती पांढऱ्या थराला लागली, कारण गुळाचा पांढरा करणं मिसरातही कोणाला जमलं नसतं. केशरी आणि हिरवा गुळावर केला. गूळ कुठल्याशा घाईच्या गुऱ्हाळावरचा होता. रस निवळावा म्हणून त्यात चुना सढळ हाताने टाकलेला. ढेप फोडली तर आत पांढऱ्या रेघा दिसत होत्या. नाथाजीने त्या पाहिल्या आणि साखरेच्याच असाव्यात असं स्वतःला समजावलं.

पातेल्यात हळद पडली आणि पाक केशरी होण्याऐवजी तांबडाभडक झाला. नाथाजीने डोळे चोळले. आणखी हळद टाकली. आणखी तांबडा झाला.

"आवं, हळदीला चुना लागला की कुक्कू व्हतं," चुलीपुढे बसलेली राहीबाई म्हणाली. "तुमी काय गावाचं हळदीकुक्कू करताय?"

"गार झाल्यावं बसंल रंग," नाथाजी म्हणाला.

रंग बसला, पण तांबडाच बसला. हिरवं पहिल्या दिवशी हिरवट तरी दिसत होतं. पण गुळाचा काळपटपणा आणि पेरूचा आंबटपणा यांच्यापुढे पालकाचा टिकाव लागेना. दुसऱ्या दिवशी ते शेवाळासारखं झालं, तिसऱ्या दिवशी वाळक्या पाल्यासारखं, आणि चौदा तारखेला नाथाजीने बरणीवरचं फडकं काढून पाहिलं तर आत त्याच्या ट्रंकेतल्या चड्ड्यांचा अगदी हुबेहूब रंग होता. खाकी!

उद्या देश स्वतंत्र होणार होता आणि त्याच्या घरात तांबड्या, पांढऱ्या आणि खाकी झेंड्यांची पलटण उभी होती. पळून जावं असं मनात आलं; पण बढाई मारलेला माणूस गावातून पळाला तर परत यायला तोंड राहत नाही. त्याने बरण्यांवर हार घातले, शक्य तितके जाड.

पंधरा तारखेला सकाळी पावसाने उघडीप दिली. कट्ट्यावर बरण्या मांडल्या. आप्पासो खादीच्या कोऱ्या सदऱ्यात आले, त्यांनी कौतुकाने एक हार बाजूला सारला आणि त्यांचा चेहरा बरणीतल्या खालच्या थरासारखा झाला.

"नाथ्या! ह्यो काय रं झेंडा?"

"गूळ, आप्पासो..."

"गुळाचं नाव काढू नगंस! वर लाल बावटा आन् खाली पोलिसाची चड्डी! भाऊसो मला फासावं देतील. आता पयलं मी सांगनार, ही समदी तुजी कारस्तानं म्हनून."

तेवढ्यात लेझीम वाजली आणि भाऊसो आलेच. झेंडा चढला, लोक ओरडले, कित्येक म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. तेवढा वेळ नाथाजीही बरण्या विसरला. तो ताठ उभा राहून सलाम ठोकून होता. मग भाऊसो बोलायला उभे राहिले. त्यांची नजर बरण्यांवर गेली. ते थांबले. आप्पासो हळूच नाथाजीपासून दोन हात लांब सरकले.

आता, भाऊसोंनी सकाळपासून चार गावांत झेंडे लावले होते आणि चारही ठिकाणी एकच भाषण केलं होतं. ते आता त्यांना स्वतःलाच कंटाळवाणं वाटू लागलं होतं. त्यांनी एक बरणी उचलून डोक्यावर धरली.

"बंधूंनो! हिंगणपेठेनं मला आज रडवलं!" ते गरजले. "हा वरचा लाल रंग पाहा. हे कुणाचं रक्त आहे? हुतात्म्यांचं! आणि हा खालचा खाकी? ही आपल्या मातीची, आपल्या जवानांची वर्दी! मध्ये शुभ्र शांतता! बाकी गावांनी नुसती साखर वाटली, पण विचार वाटला तो हिंगणपेठेनं!"

टाळ्यांनी झाडावरचे कावळे उडाले. आप्पासो जेवढे लांब सरकले होते त्याच्या दुप्पट जवळ आले. "लय दिस इचार करून सांगिटलं म्या ह्याला," ते भाऊसोंना म्हणाले, "आसाच रंग आला पायजे म्हनून."

जेली नीट बसलीही नव्हती. चमच्यातून ओघळत होती, पण लोकांनी बोटं चाटून खाल्ली. नाथाजीला फेटा बांधला. घरी येताना तो राहीबाईला म्हणाला, "बगितलंस? मला ठावंच हुतं." राहीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फेटा उतरवून काखेत मारला.

भाऊसोंना ते भाषण फार आवडलं. त्यांनी जुनं टाकून दिलं आणि दसऱ्यापर्यंत विट्यापासून आटपाडीपर्यंत जिथे जातील तिथे हिंगणपेठेच्या लाल-खाकी जेलीची गोष्ट सांगितली. ती ऐकून खुद्द एका मंत्र्याने जेली पाहण्याची इच्छा दाखवली. थंडीत दौरा ठरला.

या वेळी साखरेच्या पोत्यांबरोबर पुरवठा खात्याचा अंमलदार आला आणि चुलीपाशी खुर्ची टाकून बसला. आप्पासोंनी त्याला जेवायला बोलावलं, तर त्याने डबा आणला होता. सगळीच्या सगळी साखर पातेल्यात गेली. पेरू ऐन भरात होते. नाथाजीने पहिल्या वेळचा धडा घेतला होता: हिरवा थर त्याने मंत्री येण्याच्या दिवशी पहाटे केला आणि बाकीचे दोन मग त्यावर ओतले. बरण्या ओळीने मांडल्या तेव्हा ऊन आरपार गेलं आणि पांढऱ्या चादरीवर केशरी, हिरव्या सावल्या पडल्या. चमचा खोवला तर काप धारदार निघत होता. नाथाजीने जन्मात असं काही केलं नव्हतं, आणि या वेळी बढाई मारायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही. तो नुसता बघत उभा राहिला.

भाऊसो आले, आणि बरण्या पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आप्पासो, आपला तो रंग कुठं गेला?"

"म्या बजावलं हुतं ह्याला!" आप्पासो तत्परतेने म्हणाले. "नाथ्या, कुनी सांगिटलं तुला रंग बदलाय?"

"बदलला न्हाई जी. आता बराबर आलाय. झेंड्याचाच हाय की!"

"मंत्रीसायेब लाल-खाकी बगाय आल्यात, तुजा झेंडा न्हाई!"

उपाय करायला वेळ नव्हता. मंत्री खुर्चीवर बसले आणि भाऊसो उभे राहिले. त्यांनी बरणी उचलली, क्षणभर घुटमळले, आणि मग तेच भाषण सुरू केलं. "हा वरचा लाल रंग पाहा..." त्यांनी केशरीवर बोट ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आणि हा खाकी, जवानांची वर्दी..." बोट हिरव्यावर गेलं. पुन्हा टाळ्या. मंत्र्यांनी चष्मा लावून बरणीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"आवं, पर ह्यो हिरवा हाय!" नाथाजी मोठ्याने बोलून गेला.

आप्पासोंनी डोळे वटारले. शेजारच्या म्हाताऱ्याने नाथाजीचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. "गप रं. मोठी मान्सं काय खोटं बोलत्यात व्हय?" तो म्हणाला. आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता, हे नाथाजीला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर कमिटीने नाथाजीला बोलावलं नाही. पुढच्या समारंभाला कराडचा हलवाई आला आणि बाजारी पुडीतला रंग घालून त्याने लाल-खाकी वड्या थापल्या. चार दिवस नाथाजी कोणाशी बोलेना. राहीबाईला हे जड गेलं. मिसरच्या गोष्टींचा तिला वीट होता, पण मुक्या नवऱ्याची सवय नव्हती.

"मिरजंला जाऊ या," ती एक दिवस म्हणाली. "थितं गाड्या बदलाय लोकं तासतास बसत्यात. दवाखान्यात आजारी मान्सं हायत, त्यास्नी मऊ खायाला लागतं. रंगाचं कुनी इचारनार न्हाई."

मिरजेला स्टेशनाबाहेर त्यांनी पत्र्याचा आडोसा उभा केला. जेली आता राहीबाईच करू लागली, कारण नाथाजीला गिऱ्हाइकांशी बोलायचं असे. ती हळद घालत नसे, पालक घालत नसे. पेरू आटून जो रंग येईल तो येई: कधी मधासारखा, कधी जरा जास्त तांबूस. बरण्या उन्हातून सावलीत सरकवत ती मागे बसे, आणि पुढे नाथाजी पावाला जेली लावत गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या परक्या माणसाला सांगत असे की मिसरात बड्या साहेबाने त्याचा हात हातात घेतला होता, आणि मंत्र्याने तर त्याची जेली खाऊन डोळ्याला रुमाल लावला होता.

"मंग तुमी इथं कसं?" एखादा विचारी.

"हवापालट," नाथाजी म्हणे, आणि वर आणखी थोडी जेली लावी.