ओढ्याकडचा उतार

"ही बाय पोशेऱ्याच्या उतारावरून माघारी येल बघ," सायकलवाले काका चहावाल्याला म्हणाले. मी ऐकलं, हे त्यांना कळलं. तरी त्यांनी शब्द फिरवला नाही. अंगठ्याने माझ्या सायकलचं टायर दाबून, दगडांवर पकड राहावी म्हणून थोडी हवा सोडली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि माझ्याबरोबर यायला स्वतःची जुनी सायकल काढली.

मोखाड्यातल्या त्या दुकानात बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत, कुणी बघत राहायला नको म्हणून, मी नेहमी कडेला उभी राहते. काकांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. ते माणसांपेक्षा चाकांशीच जास्त बोलतात: "कुठं चाललंस वाकडं?"

डोंगरातल्या पायवाटेवर सायकल चालवायची माझी ही पहिलीच वेळ. पोशेऱ्याच्या त्या ओढ्याकडच्या उतारावर मी थिजले. काका खाली गेले, सायकल आडवी टाकली आणि माझ्याकडे पाठ करून नाचणीच्या शेताकडे बघत बसले. मी दोनदा पडले. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा मात्र न पडता उतरले आणि थेट त्यांच्यामागे थांबले.

"आली का?" त्यांनी शेताकडे बघतच विचारलं.

"आले. काका, मी परत वर जाते. आता इकडे तोंड करून बसा."