टाकीच्या खांबावरची सोळा बोटं

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, झरीजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या आवारातल्या पाण्याच्या टाकीचा एक खांब तारेच्या ब्रशने घासून काढण्यात आला. त्यावर वातावरणाचे थर रंगवलेले होते. ते रंगवणारे गुरुजी तेव्हा भाऊबीजेसाठी राणीसावरगावला बहिणीकडे गेले होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गाव त्यांना अंबरगुरुजी म्हणत असे. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर ही नावं त्यांनी गावाच्या तोंडी बसवली होती. मोजमाप त्यांचं स्वतःचं होतं: एका बोटाची रुंदी म्हणजे एक किलोमीटर. जमिनीपासून सोळा बोटांवर तपांबर संपे, पन्नासावर स्थितांबर, ऐंशीवर मध्यांबर. उष्मांबर सातशे बोटं, म्हणजे टाकीच्या तळापर्यंत. तिथली रेघ त्यांनी लोखंडी शिडीवर चढून स्वतः ओढली होती. त्याच्या वरचं बाह्यांबर रंगवायला जागा नव्हती. ते दाखवताना गुरुजी फक्त हात वर करीत.

खालच्या पट्ट्यावर तळवा ठेवून ते सांगत, “समदे ढग, समदा पाऊस, समदी गारपीट ह्या सोळा बोटांत. आपल्याला जगायला एवढीच हवा हाय. झरीहून परभणीला जाता ना, जवळपास तेवढीच.”

जूनमध्ये शाळा उघडली की मुलं खांबाला पाठ लावून उभी राहत. अंगणवाडीतलं पोर स्थितांबरात, सातवीतलं मध्यांबरात. किराणा दुकानवाले अप्पा शाळेवरून जाताना मुद्दाम थांबत. “गुरुजी, आमचा नातू कुठवर गेला?”

“मध्यांबरात हाय. तुमी मात्र आता खाली यायलाव, अप्पा.”

“पाठ वाकली हो. हवा न्हाई बदलली.”

मग तपासणी आली. साहेबांनी मोबाइलमध्ये फोटो घ्यायचा प्रयत्न केला. मागे सरकत ते फाटकापर्यंत गेले. टाकी फोटोत आली, पण तपांबर दिसेना. जवळ आले तर उष्मांबर कापलं जाई. मुख्याध्यापकांच्या समोर त्यांनी पाठ्यपुस्तक उघडलं. त्यात सोयीसाठी पाच सारखे पट्टे छापले होते.

“असं काढा. हे फोटोत बसत नाही.”

“साहेब, हवाच लय उंच हाय,” गुरुजी म्हणाले. “मी काय करू?”

शेऱ्यात लिहिलं गेलं: चित्र पुस्तकाप्रमाणे नाही.

सुट्टीनंतर गुरुजी परतले तेव्हा खांब पांढरा होता. व्हरांड्याच्या भिंतीवर ऑइलपेंटचे पाच पट्टे होते, प्रत्येक हातभर. ढगांचा थर आणि त्याच्या चाळीसपट जाडीचा उष्मांबर एकाच मापाचे. गुरुजी मुख्याध्यापकांना म्हणाले, “पोरांना सांगा तरी, की हे खोटं माप हाय.”

मुख्याध्यापक म्हणाले, “फोटो वर गेलाय गुरुजी. आता हात लावू नका.”

गुरुजींनी लेखी अर्ज दिला. जुनं चित्र परत मागितलं नाही. नव्या चित्राखाली दोन शब्द लिहावेत, एवढंच मागितलं: प्रमाणात नाही. अर्जावर पोच म्हणून शिक्का मिळाला. उत्तर मिळालं नाही. पंधरा दिवस वाट पाहून त्यांनी ते दोन शब्द खडूने स्वतः लिहिले. शिपायाने ते ओल्या फडक्याने पुसले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुन्हा लिहिले. त्या आठवड्यात त्यांना नोटीस मिळाली. शासकीय भिंत विद्रूप केल्याचा खुलासा त्यात मागितला होता. खुलाशात गुरुजींनी पाचही थरांच्या उंच्या लिहून दिल्या, बाकी काही नाही.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी नारळ, शाल आणि त्याच भिंतीसमोर फोटो झाला. गुरुजी शेवटपर्यंत भिंतीकडे पाठ करून उभे होते.

यंदाच्या पहिल्या चाचणीत सातवीला प्रश्न होता: वातावरणाचा सर्वांत कमी जाडीचा थर कोणता? बहुतेक मुलांनी लिहिलं, सर्व थर सारखे आहेत. त्यांना पूर्ण गुण देण्यात आले. अप्पांच्या नातवाने तपांबर लिहिलं होतं. त्याचं उत्तर लाल पेनाने खोडलेलं आहे.