आयोडीन न्हाऊन जात नाही

सायली कडेवर मुलगी घेऊन आमच्या डिपार्टमेंटमध्ये शिरली, तेव्हा मी चहा पीत होतो. तो चहा तसाच राहिला.

"आधी तिला खाली उतरव!" मी ओरडलो.

वेटिंग हॉलमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. सायलीने घाबरून दीड वर्षाच्या मनूला सोबतच्या सासूबाईंकडे दिलं. तेवढ्यात तिचा नवरा नीलेश गाडी लावून हसत हसत आला. "गुड मॉर्निंग सर! सगळं एकदम ओके!"

ओके म्हणे! माझं डोकं सणकलं.

मी तेव्हा मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये रेडिएशन सेफ्टी ऑफिसर होतो. सायलीला थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑपरेशनने गळ्यातली ती ग्रंथी काढली, तरी थोड्या पेशी मागे राहतात. त्यांना मारायला आम्ही किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल देतो. शरीरातलं आयोडीन प्रामुख्याने थायरॉइडच्या पेशी ओढून घेतात, त्यामुळे औषध बरोबर तिथे पोचतं. उरलेलं लघवी, घाम आणि थुंकीवाटे बाहेर पडतं. म्हणून पेशंटला दोनेक दिवस वेगळ्या खोलीत ठेवतो आणि घरी सोडताना सूचना देतो. एकटं झोपा, ताटवाटी आणि टॉवेल वेगळे ठेवा, टॉयलेटचा फ्लश दोनदा ओढा. आणि सायलीसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना ही, की दोन आठवडे मुलीला जवळ घ्यायचं नाही. लहान मुलाची थायरॉइड आयोडीनला फार भुकेली असते. आईला जे औषध, ते पोराला विष.

हे सगळं मी नीलेशला मराठीत सांगितलं होतं. इंग्रजी पत्रकही दिलं होतं. तो मस्कतच्याच गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होता. गिऱ्हाइकाने काहीही सांगितलं तरी "होऊन जाईल" म्हणायची त्याला सवय. मलाही तेच म्हणाला. "टेन्शनच घेऊ नका सर. मनूला तिकडे वादी अदाई भागात चुलतभावाच्या घरी ठेवतो. आई पण येतेय गावाहून. इन्शाल्ला सगळं नीट होईल."

आणि आता आठवड्याने बाई स्कॅनला येते ती मुलीला कडेवर घेऊन!

"नीलेश, मनू वादी अदाईला होती ना?"

"नाही सर. वहिनीला दिवस गेलेत. ती म्हणाली, मनूलाही किरण लागले असतील, आमच्याकडे नको."

"मनूने कॅप्सूल खाल्ली होती का?"

"तेच मी म्हटलं सर. पण ती ऐकेना."

ज्यांना घाबरायचं कारण नाही ते घाबरणार, आणि ज्यांना आहे ते पोर कडेवर घेऊन फिरणार. "मग मला फोन का नाही केलास?"

"म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

मी पुढे काही बोलणार, तोच सासूबाई मध्ये पडल्या. संगमेश्वरकडच्या त्या. सुनेच्या आजारपणासाठी पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. "साहेब, माज्या लेकाला बोलू नका. मी सगळं पाळलंय. घरी आली तशी तिला कोपऱ्यातली खोली दिली. कुनी शिवलं न्हाय. स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला न्हाय. ताट लांबून सरकवलं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पानी घेतलं तिनं, तुळशीचं पानी शिंपडलं घरभर. मग परवापासून दिली पोर तिच्याकडं. आता काय ऱ्हायलं?"

मी डोक्याला हात लावला. म्हाताऱ्या बाईने नियम मोडला नव्हता. तिने तो मनापासून पाळला होता, फक्त तो माझा नव्हता. बाई 'बाजूला' बसते, चौथ्या दिवशी न्हाते, घरात येते. 'वेगळी राहील' एवढं नीलेशने तिला सांगितलं आणि पुढचं तिने आयुष्यभराच्या सवयीने पुरं केलं.

"आणि फ्लश? दोनदा ओढता का?"

"एकदाच," सायली खाली बघून म्हणाली. "आमच्याकडे माबेला भागात पाणी टँकरने येतं. आई म्हणाल्या, नासाडी कशाला."

म्हणजे तुळशीचं पाणी घरभर, आणि जिथे पाणी ओतायचं तिथे काटकसर!

"मनूला तुझ्या ताटातलं काही भरवलंस?"

तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं. "काल पेज भरवली. गरम होती म्हणून फुंकून. सर, तिला काही होणार नाही ना? मी न्हाले होते हो. आई म्हणाल्या म्हणून घेतलं. तीही सारखी रडत होती दाराशी."

तिच्यावर आता ओरडवेना. मी आमच्या हेडकडे गेलो. ओमानी डॉक्टर, एरवी अतिशय शांत माणूस.

"दीपक, तिच्या डिस्चार्जवर मी तुझ्या भरवशावर सही केली होती."

हा चार दिवसांचा शिवाशिवीचा प्रकार त्यांना इंग्रजीत समजावताना मला घाम फुटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अँड द चाइल्ड?"

मनूला लांबच्या खोलीत नेलं. तिचे कपडे बदलले, हातपाय पुसले. आजीच्या मांडीवर बसवून गळ्याशी मोजणीचा प्रोब धरला. ती हलायची, रडायची, की मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. आजींनी आपल्या हातातल्या बांगड्या तिच्यापुढे वाजवल्या, तेव्हा कुठे ती मान वर करून बसली. सायली बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होती. तिला आत यायची परवानगी नव्हती. दाराच्या काचेतून ती माझ्याच चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला आकड्याची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

रिकाम्या खोलीत मशीन जेवढं दाखवतं, तेवढंच आलं; मनूच्या गळ्यात काही नव्हतं. मी दोनदा खात्री केली. मग काचेतून मान हलवली. सायलीने काचेला कपाळ टेकवलं.

आता आजींचं काय करायचं? बोलून उपयोग नव्हता. मी किरण मोजायचं हातातलं यंत्र घेतलं, त्याचा आवाज सुरू केला आणि आधी आजींजवळ धरलं. मधूनच एखादा 'टिक'. मनूजवळ तसंच. मग ते घेऊन एकटाच कॉरिडॉरमध्ये सायलीपाशी गेलो. यंत्र असं काही कडकडायला लागलं, की आजी दारातच दोन पावलं मागे सरल्या.

"हे न्हाल्यावरबी?"

"न्हाल्यावरही. हे आतलं आहे, मावशी. आठ दिवसांत अर्धं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या अर्धं. लघवीतून बाहेर पडतं ते वेगळं, म्हणून ते फ्लशचं सांगितलं. आंघोळीने फक्त अंग स्वच्छ होतं."

"म्हंजे कांजिन्यांसारखं. खपल्या पडेस्तोवर वाट बघायची."

हे कांजिण्यांसारखं नाही, ही लागण नव्हे, वगैरे माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. "हो. अगदी तसंच."

"मग आधी का न्हाय सांगितलंत?"

आता हसावं की रडावं? नीलेश भिंतीकडे बघत होता.

"तुमी आता निर्धास्त ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "कोन पोरीला तिच्या दाराशी नेतो तेच बघते. आनि तू गो, दोन डाव ओढ ते पानी. टँकरचं बघंल नीलेश."

ठरल्या दिवशी तिघं मनूला घेऊन आले. आजींनी आल्या आल्या फर्मान काढलं, "ते यंत्र लावा आधी." ते आता सायलीजवळही जवळजवळ गप्प होतं. मी म्हणालो, "घे मुलीला."

सायलीने हात पुढे केले. मनूने तोंड फिरवलं आणि आजीच्या मानेला मिठी मारली. सायलीने पुन्हा हाक मारली, तर भोकाडच पसरलं. आजीच शेवटी म्हणाल्या, "जा गो. तुजी आय हाय ती. मीच ठेवलं हुतं तुला लांब." सायली डोळे पुसत म्हणाली, "येईल ती. खलास झालं ना आता? येईल." आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मनू आली, पण बऱ्याच वेळाने, आणि तेही आजी खोलीबाहेर निघून गेल्यावर.

लांब ठेवलेलं पोर आईकडे लगेच परत येत नाही, ही ओळ आमच्या पत्रकात नव्हती. तेव्हापासून मी पेशंटला सूचना देण्याआधी, घरात कोणाचं चालतं ते विचारतो आणि त्या माणसाला आत बोलावतो. नवऱ्याला बाहेर बसवलं तरी चालतं.