मायच्या मोटरचा डब्बा

माझं काम काय, हे मायला समजावून सांगता सांगता माझी दोन वर्षं गेली, आणि तिनं ते गावभर एका वाक्यात सांगून टाकलं, "माही पोरगी मोटारी वळखते." आधी मला रागच आला. एवढं शिकून, भंडाऱ्याच्या ऑफिसात बसून मी काय मोटारी ओळखते? नंतर विचार केला तर तिचं बरोबरच होतं. शेतातल्या सौर मोटरला एक डब्बा असतो. मोटर सुरू व्हायच्या आधी तो डब्बा मोबाइलच्या रेंजवरून आमच्या सर्व्हरला हाक मारतो. सर्व्हर त्याला एक प्रश्न टाकतो आणि डब्बा आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याच्या जोरावर उत्तर देतो. उत्तर जुळलं तर मोटर चालते, नाही तर बसून राहते. त्या आकड्याला आम्ही की म्हणतो. डब्बे चोरून दुसरीकडे विकायचे धंदे फार झाले, म्हणून ही सगळी भानगड. पवनीपासून साकोलीपर्यंत हजारो डब्बे, आणि त्यांच्या किया सांभाळायच्या मी.

मी स्वभावानं खडूस आहे, हे आधीच सांगते. सुरुवातीला आमच्या लोकांनी काम लवकर उरकावं म्हणून एका खेपेच्या सगळ्या डब्ब्यांत एकच की भरली होती. एका उपद्व्यापी माणसानं आपला डब्बा खोलला, की काढली आणि घरबसल्या दुसऱ्यांच्या मोटारी बंद-चालू करत बसला. तेव्हा मी साहेबांशी भांडून नियम करून घेतले. प्रत्येक डब्ब्याची की वेगळी. आणि एकदा रद्द केलेली की पुन्हा जिवंत करायची नाही, मग ती कोणाचीही असो. नवा डब्बा, नवी की, आणि तोही नंबर लागेल तेव्हा. यादीतून मी शेतकऱ्यांची नावंसुद्धा काढून टाकली, नुसते नंबर ठेवले. नाव दिसलं की ओळख निघते, आणि ओळख निघाली की आपल्याकडे कोणता नियम टिकतो?

जानेवारीतल्या एका सोमवारी संशयित डब्ब्यांची यादी पाहत होते. एक डब्बा सकाळी एका जागेवरून बोलत होता आणि दुपारी दीड किलोमीटर दूरवरून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. एकच की दोन ठिकाणी दिसली म्हणजे कोणीतरी तिची नक्कल केली, असं आमच्या धंद्यात धरून चालतात. मी की रद्द केली आणि चहा मागवला.

चहा संपला नाही तोच मायचा फोन आला. ती अड्याळजवळच्या आमच्या गावी एकटी शेती पाहते. "बाई, मोटर सुरू होऊन नाही राहिली. पऱ्हे तहानले."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. उन्हाळी धानाचे पऱ्हे तिनं नुकतेच टाकले होते, बोटभर वर आले होते. ते वाळले तर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी नाही, आणि रोवणी नाही तर वर्षाचं उन्हाळी पीक गेलं. बोडीचं, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्याचं, पाणी आटलेलं, आणि जुनं डिझेल इंजिन सौर मोटर आल्यावर भंगारात गेलेलं. मी म्हटलं, डब्ब्यावरचा नंबर वाच. तिनं एकेक आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. समोरच्या पडद्यावर तोच नंबर होता, लाल अक्षरांत.

"माय, डब्बा कुठं नेला होता का तू?"

"अवं, पलीकडच्या काकूचा जळला ना. कंपनीत तक्रार देल्ली तिनं, पण नवा याचा हाय अजून. म्हणून सकाळी आपल्या शेतात, अन् जेवण झालं का तिच्या शेतात. टोपल्यात दुपट्टा टाकतो, त्यात डब्बा ठेवतो, अन् नेतो डोक्यावर."

"मला विचारायचं तरी होतं!"

"उसनं देतानी कोणी विचारते का? अन् मोटर दोनीकडं चालली ना, मंग चुकलं कसं?"

मी तिच्यावर ओरडले. ऑफिसातले सगळे मान वर करून पाहायला लागले. नक्कल नाही, चोरी नाही, दोन बाया टोपल्यात डब्बा घालून शेतांच्या कडेनं, धुऱ्याधुऱ्यानं हिंडत होत्या आणि आमचा एवढा हुशार सर्व्हर त्यांना चोर समजला. सर्व्हरला काय बोल लावायचा? रद्द मीच केली होती.

साहेब म्हणाले, "अहो, तुमचीच आई आहे. करा ना की सुरू, मी सही देतो." करता आलं असतं. पण मागच्याच महिन्यात मोहाडीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन ऑफिसात आला होता. त्यानंही डब्बा सासऱ्याच्या शेतात नेला होता. दोघं तासभर उभे होते, आणि मी त्यांना नियम वाचून दाखवला होता. त्यांनी बारा दिवस वाट पाहिली. आता कोणत्या तोंडानं मायची की जिवंत करू? मी नाही म्हटलं. मायलाही फोनवर तसंच सांगितलं.

नवी की भरलेला एकच डब्बा साकोलीच्या गोदामात तयार होता. तक्रार आधी काकूंची, म्हणून तो काकूंना गेला. "तिलेच दे आधी," माय लगेच म्हणाली. मायचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी गेला. अकरा दिवस मी रोज विचारत होते, पऱ्हे कसे आहेत? आणि ती रोज म्हणायची, "बराबर हाय. तू जेवली का?"

बाराव्या दिवशी तिचा डब्बा घेऊन फिटरसोबत मीच गेले. पऱ्हे पिवळे पडून आडवे झाले होते, खाली जमिनीला भेगा. काकू धुऱ्यावरून येत होत्या. त्यांचे पऱ्हे हिरवेगार होते हे मी रस्त्यावरून येताना पाहिलं होतं. माझा तोल गेला. म्हटलं, "काकू, तुमच्यासाठी हिनं डब्बा डोक्यावर वाहिला, आणि तुम्हाला एक दिवस आणून लावता नाही आला?"

काकू रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "अवं पोरी, मी रोज आणत होतो टोपल्यात. तुही माय मले बांधीत पाय ठेवू देत नोती. म्हणे, डब्बा इकडं आला तं माह्या पोरीले पुन्हा बंद करा लागते. लोक म्हणतीन, पोरगी डब्बे बंद करते अन् तिची मायच चोर. तिच्या नोकरीवर येईन."

माय दूर फिटरजवळ उभी होती, जसं काही ऐकूच येत नाही. अकरा दिवस ती माझी नोकरी राखत होती, आणि मी तिला रोज पऱ्ह्यांचं विचारत होते. काकूंची माफी मागितली, तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "माह्या वाफ्यात जास्तीचे हायेत. पुरतीन दोघींले."

ऑफिसात मी नियम बदलून घेतला. आता दोन्ही शेतकऱ्यांनी फोनवरून होकार दिला की काही दिवस डब्बा दुसऱ्या शेतात चालतो, सर्व्हर त्याला चोर म्हणत नाही. साहेबांना ते दहा मिनिटांत पटलं. एवढी सोपी गोष्ट मला आधी काहून सुचली नाही, याची लाज वाटते. मोहाडीच्या त्या शेतकऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं मॅडम, पुढच्याचं तरी भागेल.

रोवणीला सुट्टी काढून गेले. काकूंच्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकल्या होत्या. मी मायच्या बाजूला वाकून रोवायला लागले, कितीतरी वर्षांनी. चिखलात हात घातला आणि मला आवरेना. माय, मी तुझे पऱ्हे वाळवले, एवढंच तोंडातून निघालं.

तिनं हात थांबवला नाही. माझ्या ओळीकडे पाहून म्हणाली, "रडू नोको बाई. पाहून रोव, ओळ वाकडी होऊन राहिली."