सहा वाजता रतनबाईची हाक

गेवराईत कडूमावशीचा आवाज ओळखत नाही असा दुकानदार नव्हता. कित्येक वर्षं रोज संध्याकाळी सहाला ती खांद्याला पिशवी अडकवून पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करायला निघायची. "शेठ, आजचं ऱ्हायलंय बरं," असं नाकातून म्हणायची. मी तिच्याकडंच राहणारी भाची, नकलांत पटाईत; तेवढंच तिच्या आवाजात म्हणून दाखवलं तरी पानवाल्याचा हात आपोआप गल्ल्यात जायचा.

मग एका सकाळी पतसंस्थेच्या शटरला कुलूप दिसलं. साहेबांचे फोन बंद. लोकांना साहेब कधी माहीतच नव्हते, माहीत होती ती कडूबाई. मावशीची स्वतःची ठेवसुद्धा आतच अडकली होती, पण ते ऐकायला कोण थांबतंय?

रोज दुपारी दारात यायची ती रतनबाई, स्टँडजवळ भजी तळणारी. आवाज घोगरा, शेवटाला लांबवलेला. "कडूबाईऽ, दार उघड की. पोरीच्या सासरी काय सांगू मी?"

मावशीनं कडी लावली ती लावलीच. फोन वाजला की गव्हाच्या कोठीमागं जाऊन बसायची. अन् सहा वाजले की पिशवी खांद्याला, चपला पायात, बंद दाराच्या आत उभी. घामानं पाठ भिजलेली, ओठ पांढरे. मावशीच्या नवऱ्यानं, रामेश्वरकाकांनी, चौकटीला लिंबू बांधलं. म्हणाले, "बाहेरचं हाय काईतरी."

"बाहेरचंच हाय," मावशी म्हणाली. "भजे तळतंय."

आम्ही हसलो. ती हसली नाही. चार दिवसांनी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "मी इहिरीकडं जाया लागले तर आडव गं." मी लगेच काकांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी काका आम्हा दोघींना बीडला समुपदेशनासाठी घेऊन गेले. गल्लीत सांगितलं, नारायणगडाला दर्शनाला चाललोत. त्यामुळं येताना स्टँडवरचे पेढे घेऊन प्रसाद म्हणून वाटावे लागले. रतनबाईच्या घरी ते मीच दिले. तिनं कपाळाला लावले.

तिथल्या समुपदेशक सत्यशीला मॅडमचा आवाज मऊ, दर वाक्याला 'बरं का'. मावशीनं विचारलं, "भेव कवा जाईल?"

"ते मी सांगू शकत नाही. भेव असताना कडी निघते का, तेवढं बघू, बरं का. दार उघडल्यावर काय बोलाल?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. मग रडली. मग दोघींनी मिळून एक वाक्य बसवलं. मॅडमनी श्वास लांब सोडायला शिकवलं, अन् घरी सराव करायला सांगितला. "रतनबाईचा आवाज कोण काढेल?" मावशीनं माझ्याकडं बोट केलं.

तेव्हापासून सहाला मी मागच्या दारानं जाऊन पुढून हाक मारायची. पहिल्यांदा मावशी कोठीमागंच पळाली. मग हात कडीपर्यंत आला. मग कडी निघाली. मला बघून म्हणायची, "मेली, तिच्यापेक्षा खराब वरडती."

त्या दिवशी सहाला मी मागच्या दारात चपला शोधत होते. तेवढ्यात पुढून हाक आली. "कडूबाईऽ, दार उघड की."

मी तिथंच थिजले. मी तर अजून आतच होते.

"आले गं नकले," म्हणत मावशीनं कडी काढली.

दारात रतनबाई. हाताला बेसन, डोळे लाल. मावशीचा चेहरा राखेसारखा झाला. हात दाराकडं गेला, आता लावणार असं वाटलं. पण तिनं चौकट घट्ट धरली अन् श्वास सोडला. मला तो मागपर्यंत ऐकू आला.

"रतनबाई, पैसे माझ्याकडं न्हाईत. माझेबी तिथंच गेले. पण तुला मीच भरायला लावले, त्ये मला ठावं हाय. आता मी लपणार न्हाई."

रतनबाई काही बोलेना. तिचं ते गप्प राहणं मला आजही काढता येत नाही.

"एवढं सांगाया इतके दिस लागले व्हय?" ती शेवटी म्हणाली. पाणी दिलं, ते घेतलं नाही. "उद्या येते मी."

"ये," मावशी म्हणाली. आवाज फाटका होता.

रतनबाई गेल्यावर मावशी उंबऱ्यावरच बसली. मी कडी लावायला हात वर केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जेवणं होईस्तोर ऱ्हाऊ दे."